कालव्यातलं निर्माल्य

११ मे, रविवार
आईला घेऊन क्लोन्सिला ते लीक्सलिप, कालव्याकाठाने चालत. येताना ट्रेन. बाबा गेल्यापासून ती धड जेवत नाही, बोलत नाही. म्हणून पुण्याहून इथे परदेशात, माझ्याकडे ओंगारला आणली, तर इथेही आपली खिडकीशी बसून. आज मात्र बोलली! बदकांना नावं ठेवली, लोकांच्या कुत्र्यांना नावं ठेवली. जिवात जीव आला माझ्या. वाटेत शेतात एकटंच काटेरी झाड, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. आईने पदर भरून फुलं तोडली. पुण्यात फिरायला गेली की लोकांच्या कुंपणावरची तोडते, तेच इथे. देवाला कसलं आलंय परकं, म्हणे.

१२ मे
शेजारची ब्रीडा चहाला आली. देव्हारा पाहिला आणि कप तसाच ठेवून उठली. ती फुलं घरात आणत नाहीत, घरातलं माणूस जातं, म्हणाली. आईला सांगितलं.
"आपलं गेलंय आधीच." विषय संपला.

१८ मे, रविवार
लीक्सलिप ते मेनूथ. आईने निर्माल्य पिशवीत घेतलेलं, वाहत्या पाण्यात सोडायला. कालवा कसला वाहतोय! सांगून दमले. पुलाखाली सोडलंच. फुलं, वर तिच्या हातचं गेजवस्त्र, कुंकवाची बोटं लावलेलं. तिथल्या तिथे तरंगत राहिलं. वास गोडसर, पण खाली काहीतरी सडल्यासारखा. हात दोनदा धुतले.

२५ मे, रविवार
मेनूथ ते किलकॉक. हे लिहू की नको.
लॉकची, म्हणजे कालव्याचं पाणी पायरीसारखं वरखाली अडवणारी, दारं बंद. त्यांच्या वरच्या अंगाला, चढावरच्या पाण्यात, फुलं. ताजी. आणि तेच गेजवस्त्र. मागच्या रविवारी कित्येक मैल खाली सोडलेलं. कुणीतरी उचलून आणलं असेल, म्हणाले मी. कोण आणणार, डोंबल?
आई हसली. किती महिन्यांनी.
"तुझे बाबा असेच. कध्धी बरोबर चालले नाहीत. पुढे जाऊन उभे राहायचे."
आणि काठाशी वाकली. मी दंड धरून मागे ओढलं, जरा जोरातच.

१ जून, रविवार
आज जायचं नाही, सांगून टाकलं. पाऊस आहे म्हटलं. नव्हता.
आई खिडकीशी. वरणभात तसाच.

४ जून
अजून तेच. चहावर आहे. हाडं दिसायला लागलीत. ब्रीडाला विचारलं, आता काय करायचं? तिने माझा हात धरला. भीती वाटते. मला माझी आई हवी आहे, एवढंच.

८ जून, रविवार
गेलो. किलकॉकहून पुढे. काटेरी झाडांचा बहर संपलेला, सगळीकडे नुसती हिरवी. पाण्यात काही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.
मग वाटेवर एक पांढरं फूल. पुढे अजून एक. पाण्यात नाही, कोरड्या वाटेवर. नेहमी मागे रेंगाळणारी आई झपाझप पुढे. हाका मारल्या, वळली नाही. धावत जाऊन गाठलं. कुणाशी तरी बोलत होती, हळू आवाजात, चालता चालता. कसंबसं परत वळवलं. ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी असून समोर बसली. पिशवी तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवू देईना.
घरी येऊन पोटभर जेवली. भात दुसऱ्यांदा घेतला. हात धुताना सहज म्हणाली,
"पुढच्या रविवारी तू नको गं येऊस. आम्ही दोघं जाऊ."
तिचे बूट गाडीच्या डिकीत लपवलेत. जेवली, हे मात्र खरं. रविवारी काय करायचं, मला कळत नाहीये.