निवेदिताचा ग्लास

चऱ्होली

प्रिय ताई,

आम्ही इथे मजेत आहोत.

तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून लिहितेय. आईचे गुडघे कसे आहेत?

काल शेजारच्या निवेदिताचं डोहाळजेवण झालं. बायका गेल्यावर तिने स्वयंपाकघरात वाइन ओतून घेतली. डॉक्टरांनी एक थेंबही नको म्हणून बजावलंय, तरी म्हणते, "कधीतरी घोटभर चालते गं."

दिवस राहावेत म्हणून मी चार वर्षं पपईला हात लावला नाही, आणि हिला सातव्या महिन्यात वाइन!

मी ग्लास हिसकावून बेसिनमध्ये ओतला. तिच्या सासूबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "किती काळजी गं तुला बाळाची!"

ताई, बाळाची काळजी नव्हती. मला ते पोट हवं होतं.

आईला फक्त पहिली ओळ वाचून दाखव.

तुझी,
स्वरूपा