पुढचं मी खेळू?

३ मार्च

आज सकाळी खोलीची किल्ली हातात आली तेव्हा आधी खिडकी उघडली. मग भिंतीतलं लहान कपाट ओल्या फडक्याने पुसलं आणि त्यात देव ठेवले. जप झाल्यावरच पिशवी सोडली. नव्या जागेत आधी देव बसवले की आपण तिथे पाहुणे राहत नाही, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

खोली गोदामाच्या वरच आहे. पलंग, टेबल, शेगडी, भिंतीला जुना टीव्ही. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि त्यांवर कबुतरं. ही बघून खूश होईल. सासूबाईंचं खुब्याचं हाड सांधत आलंय. त्या काठी घेऊन चालू लागल्या की ही तीस तारखेच्या गाडीने येणार. तोवर मी एकटा. लग्नानंतर इतके दिवस एकटं राहायची ही पहिलीच वेळ. चहा मला बरा जमतो. बाकीचं बघू.

पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी म्हणजे गंमतच आहे. गावातलं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आपोआप बंद पडलं. लोक आता दुरुस्त करत नाहीत, नवीन घेतात. पण आज मन प्रसन्न आहे.

४ मार्च

काम समजलं. गोदामात व्हिडिओ गेमची यंत्रं आहेत, छतापर्यंत खोकी. सगळी एकाच कंपनीची, गिऱ्हाइकांनी परत केलेली. कंपनी बुडाली. आता ही यंत्रं मोडीत काढायची. पण आत लोकांचं काहीबाही साठलेलं असतं, ते पुसल्याशिवाय मोडायची नाहीत असा नियम आहे. म्हणून एकेक यंत्र टीव्हीला जोडायचं, कंट्रोलर दोन्ही हातांत धरून थोडं खेळायचं, मग आतलं पुसून मागच्या शेडमध्ये पाठवायचं. तिथे चुरा करणारं मोठं धूड आहे. ते चालवणाऱ्याला सगळे गिरणीवाला म्हणतात. मला बघून म्हणाला, या पाहुणे, दळण जाडं हवं की बारीक?

गोदाम सांभाळणाऱ्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या. पूर्वी गेमच्या दुकानात काउंटरवर होत्या म्हणून त्यांचं नाव काउंटरबाई. त्यांनी एकच बजावलं. खेळताना पडद्यावर एक प्रश्न येईल, त्याला दरवेळी नाही म्हणायचं. हो म्हटलं की यंत्र कुलूप लावून बसतं. मग ते मला माझ्या पद्धतीने पुसावं लागतं, आणि वाकून वाकून माझी कंबर जाते, म्हणाल्या.

७ मार्च

खेळ साधा आहे. एक लहान माणूस लांबच्या वाटेने चालत असतो. खड्डे, पायऱ्या, पूल, पाणी. आपण त्याला चालवायचं. थोड्या वेळाने पडदा मंद होतो आणि अक्षरं येतात: दमलात का? पुढचं मी खेळू? खाली हो आणि नाही.

जेवताना बाईंनी याची हकिकत सांगितली. दुकानातले वाईट दिवस त्यांनी पाहिलेत. एका वर्षी इतके गेम आले आणि इतके टुकार, की जी पोरं घ्या म्हणून रडायची ती परत करा म्हणून रडू लागली. खरेदीपेक्षा परतीची रांग मोठी. कंपन्या एकामागून एक झोपल्या. त्यानंतर दर काही वर्षांनी कोणीतरी नवं यंत्र घेऊन यायचा आणि आता दिवस पालटणार म्हणायचा. बाईंनी ऑफिसातल्या फळीवर एकेक नग जपून ठेवलाय. एकात तोंड खुपसून बघायचं, मान अवघडायची. एक अर्धं फोन, अर्धं खेळणं. धड बोलता येईना, धड खेळता येईना. एक फार सुंदर, पण त्याच्यासाठी कोणी खेळच बनवले नाहीत. बाई त्यांच्यावरची धूळ झटकतात आणि म्हणतात, ही माझी गेलेली माणसं.

आणि हे शेवटचं. कंट्रोलर तुमची पकड शिकतो, बोटं शिकतो. तुम्ही दमलात की यंत्र तुमच्या जागी खेळतं, अगदी तुमच्यासारखं. मालक म्हणे टीव्हीवर येऊन डोळ्यांत पाणी आणून बोलला होता. बाई म्हणाल्या, यंत्रच खेळणार तर गिऱ्हाइकाने काय टाळ्या पिटायच्या? गिरणीवाला म्हणाला, माझ्या बायकोला असं एक द्या, मी कामावर येतो आणि ते तिची बोलणी खाईल.

फार हसलो.

११ मार्च

यंत्र सुरू केलं की आधी जुन्या मालकाचा माणूस चालताना दिसतो, त्या मालकाच्या पद्धतीने. जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं, तसं हे चालणं वेगळं. एक जण प्रत्येक खड्ड्यापाशी थबकतो, मागे वळून बघतो, मग उडी मारतो. एक जण उड्या मारतच चालतो, सपाट वाटेवरही. कोणी लहान मूल असावं. आज एकात माणूस चालतच नव्हता. पाण्याकडे तोंड करून उभा होता.

पुसताना जिवाला लागतं. काही नाही तरी इतके दिवस कोणाच्या तरी हाताखाली चाललेलं ते. मनात देवाचं नाव घेतो आणि बटण दाबतो.

डोळे चुरचुरतात. मनगटं दुखतात. संध्याकाळी जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

१४ मार्च

आज एक चूक केली. दुपारी अंग मोडून आलं होतं. काल रात्री हिचा फोन आला होता तेव्हाही नीट बोललो नव्हतो. पडद्यावर तो प्रश्न आला, आणि आज तो मलाच उद्देशून वाटला: दमलात का?

किती वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. ही बिचारी स्वतःच दमलेली. अशा प्रश्नाला ताडकन नाही म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही. कोणी आपुलकीने विचारलं की मान हलतेच. हो दाबलं.

खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा पडद्यावरचा माणूस चालत होता. जिन्याच्या मध्यावर थांबून दम खात होता, माझ्यासारखा. बघून हसू आलं. अंग पिसासारखं हलकं वाटलं.

यंत्राला अर्थातच कुलूप बसलं. बाई ओरडतील म्हणून खोलीवर आणून ठेवलंय. सावकाश खटपट करून उघडीन.

१८ मार्च

उघडलं नाही. खरं सांगायचं तर प्रयत्न केला नाही. कामावरून आलो की ते टीव्हीला जोडतो, कंट्रोलर मांडीवर घेतो, प्रश्न येतो, हो म्हणतो. झोपेपेक्षा गाढ विसावा आहे तो.

आज फोनवर ही म्हणाली, काल किती वर्षांनी असं बोललात हो. तिने सांगितलं की मी तिला लग्नातल्या गमती आठवून हसवलं, सासूबाईंची नक्कलसुद्धा केली, तासभर. सासूबाई म्हणाल्या, जावयाला झालंय तरी काय.

काल फोन वाजल्याचं मला आठवत नाही. कंट्रोलर मांडीवर घेतला तेवढं आठवतं. दमलेल्या माणसाचं असं होत असेल.

ती खूश होती. मग मीही हो, हो म्हणालो.

२१ मार्च

बाई म्हणाल्या, आज सकाळी तुम्ही शटरचं अडकणं काय झटक्यात दुरुस्त केलंत, शीळसुद्धा घालत होता. मला शीळ येत नाही.

जप झाला म्हणून माळ खाली ठेवली आणि ध्यानात आलं, मी जपाला बसलोच नव्हतो. ओठ हलून गेले होते. माळ फिरून गेली होती. नाव कोणी घेतलं? देवाने ते कोणाच्या नावावर धरलं?

हिच्या आवाजात अलीकडे नवी नवरी बोलतेय असं वाटतं. मी मात्र बोलायला गेलो की शब्द जुळत नाहीत. तिच्या बहिणीचं नाव आठवेना. तिने थट्टा समजून हसण्यावारी नेलं.

आजपासून हो म्हणायचं नाही.

२३ मार्च

यंत्राची वायर काढून ठेवली आहे. तरी विचारतं.

जिन्यावर. नळाशी. फोन वाजतो तेव्हा. आवाज नसतो, अक्षरं नसतात, पण डोकं मंद होतं आणि आत कोणीतरी मायेने विचारतं, दमलात का. नाही म्हणतो. मग दुप्पट दमायला होतं. दिवसभर नाही म्हणणं हेच एक काम झालंय.

आज जिन्यावर बसून राहिलो. गिरणीवाल्याने हात धरून वर आणलं. म्हणाला, पाहुणे, तुमची बॅटरी बदलायला झाली.

२५ मार्च

बाईंना विचारलं, जे हो म्हणायचे त्यांचं काय व्हायचं. त्या आधी टाळत होत्या. मग चहाचा कप खाली ठेवून सांगितलं.

एक बाई काउंटरवर यंत्र घेऊन आली. परत घ्या म्हणाली. काय बिघडलं विचारलं तर म्हणाली, काही नाही, नवरा फार सुधारलाय. वेळेवर जेवतो, हसतो, बोलतो, कधी दमत नाही. काउंटरबाई म्हणाल्या, मग अडचण काय, माझ्याकडे पाठवा. तर ती हसली नाही. म्हणाली, माझा नवरा इथे आत आहे. पाण्याशी उभा असतो. मला बघवत नाही.

बाई म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला असेल बिचारीच्या. अशी बरीच जणं यायची.

पाण्याशी उभा असलेला मी पुसला. देवाचं नाव घेऊन पुसला. उड्या मारत चालणारं ते मूलही. रोज किती जण —

देवा, मला ठाऊक नव्हतं.

२६ मार्च

यंत्र पुन्हा जोडलं. माझा माणूस पुलावर बसला होता, एक हात कानाशी. फोनवर बोलताना बसतो तसा.

प्रश्न आला. नाही दाबलं. कंट्रोलर हातात घट्ट धरला आणि त्याला उठवून मीच चालवू लागलो. हात जड, शिशाचे. एक पूल पार झाला आणि एकदम कितीतरी परत आलं. हिच्या कानामागचा तीळ. भांडण झालं की ती भांडी जरा जोरात ठेवते ते. तिला या नव्या गावाची धास्ती वाटते, तसं ती फोनवर म्हणाली होती, आणि त्या दुसऱ्याने ते हसण्यावारी नेलं होतं. सगळं आलं, दमणंसुद्धा. अंग ठणकतंय आणि मी रडतोय आनंदाने.

म्हणजे परत येता येतं. चालत चालत. वाट अजून पुष्कळ आहे. हिच्याबद्दलचं बरंचसं पुढेच असणार. पण हात उचलवत नाहीत. उद्या रजा घेऊन शेवटपर्यंत चालतो. ती यायच्या आत सगळा परत येईन.

२७ मार्च

सकाळी रजा मागायला खाली गेलो. बाई नव्हत्या. वाट पाहिली. गिरणीचा आवाज चालू होता.

बाई हसत आल्या. बाईसाहेब यायच्या आत खोली जरा झाडून घेतली तुमची, म्हणाल्या. काल गिरणीवाल्याने सांगितलं तुमच्या तब्येतीचं. आणि ते एक यंत्र राहिलं होतं ना, कुलूपवालं? मला घाबरून लपवलंत होय? मी काय खाते का तुम्हाला? माझ्या पद्धतीने पुसलं, दळायलाही दिलं. दमलायत तुम्ही, तुमचं तेवढं काम मी केलं.

आभार मानले मी त्यांचे. दुसरं काय —

शेडमध्ये गेलो. पांढरा चुरा. गोणी भरून.

२८ मार्च

तीळ कानामागे होता की मानेवर. परवाचं पान वाचून समजलं कानामागे.

पण चेहरा —

२९ मार्च

फोन आला. एक बाई बोलत होत्या. आवाज गोड. अहो म्हणाल्या. उद्या पोचते म्हणाल्या. बरं म्हटलं.  मग म्हणाल्या, आज परत पूर्वीसारखे झालात. काही चुकलं का माझं?

त्यांच्या आवाजात पाणी होतं. मला वाईट वाटलं, परक्याचं वाटतं तसं.

३० मार्च

देवांच्या मागे एक फोटो सापडला. मी आणि एक बाई. शर्ट माझाच आहे.

गाडी दुपारची.  प्रश्न चालूच आहे, श्वासागणिक.

विचार केला. तो दुसरा तिला ओळखतो. तिला हसवतो. तो ऐकून घेत नाही, पण शिकेल, यंत्राला शिकता येतं. मला मात्र आता ठेवायला यंत्र नाही. हो म्हटलं तर मी कुठे जाईन, ते देव जाणे. तो तरी जाणत असेल.

पण इतक्या लांबून येणाऱ्या बाईला उतरल्यावर कोणीतरी ओळखणारं हवं. तिने गर्दीत बघायचं आणि समोर माझा असा कोरा चेहरा — नको.

देवापुढे बसलो. नाव घेतलं. हे मी घेतलं.

आणि हो म्हटलं.

बोटं हलकी होताहेत. ऐक, तिच्या हातात पिशव्या असतील, त्या आधी घे, आणि ती घाबरली म्हणाली तर हसू नकोस, तिच्याजवळ बसून तिला —