बाबांच्या फळीवर फिरलेलं खोडरबर

घिवली,
नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले

तीर्थस्वरूप शिवाजी भावोजींना मेहुणा कमलाकांतचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत, माझं डोकं सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? पुष्पलताताईचा खोकला थांबला का? बेटेगावला पाणी रोज येतं की अजून दिवसाआड? विचारायचं ते विचारून झालं. आता तुमच्या चिरंजीवांकडे येतो.

भावोजी, तुमचा मान मला कळतो, म्हणून शिव्या लिहीत नाही. पण तो दर्पण गाढव आहे. इंजिनियर गाढव! बोईसरच्या कार्बनच्या कंपनीत दिवसभर काळा होतो, त्यामुळे पेन्सिलीतलं जगात आपल्यालाच काय ते कळतं, असा त्याचा समज. रविवारी आला, म्हणाला, मामा, बोट रंगवायला हातभार लावतो. मला भरून आलं. (तिथंच चुकलं.) मी म्हटलं, केबिन लख्ख कर, आणि जाळी शिवायला घरी गेलो. आता लख्ख म्हणजे किती लख्ख, हे बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या नातवाला सांगावं लागतं?

केबिनमधली सागाची फळी तुम्हाला आठवत असेल. लग्नानंतर पहिल्यांदा बोटीवर आलात तेव्हा तिलाच धरून ओकत होतात. बोटी दोन बदलल्या, फळी तीच. चाळीस वर्षं बाबांनी तिच्यावर पेन्सिलीनं खुणा लिहिल्या. देवळाचा कळस आणि वीजकेंद्राची चिमणी एका रेघेत आली की खाली खडक, तिथं जाळं टाकायचं नाही. अशा एकवीस जागा. शाई खाऱ्या पाण्यात पसरते, पेन्सिल ढिम्म हलत नाही. म्हणून बाबांच्या कानावर कायम पेन्सिल. (तुमच्या लग्नात कन्यादान करतानाही. फोटो बघा.)

आणि या शहाण्यानं चार खोडरबर झिजवून ती फळी कोरी केली! मी पोचलो तर रंगाचा डबा उघडत होता. मी असा ओरडलो की शेजारच्या तीन बोटींवरची माणसं काम सोडून बघत राहिली. त्यावर हा मलाच शिकवतो: मामा, पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन, त्यात थोडी माती. त्याचे थर पत्त्यांसारखे सुटतात, लाकडावर नुसते बसतात, मुरत नाहीत, त्यांच्यावर रंग धरत नाही. आणि जीपीएस असताना फळी कशाला? अरे, जीपीएस सांगतं मी कुठं आहे. खाली काय आहे ते बाबा सांगायचे! जाऊन सहा वर्षं झाली, तरी सांगायचे. पौर्णिमा झाली की दर्यात उतरायचं आणि मला बाराच जागा आठवतात. उरलेल्या नऊ जागी जाळं फाटेल, ते शिवता येईल. बाबांचं अक्षर कुठून आणू? रागानं मी दोन दिवस जेवलो नाही. (म्हणजे भात नाही.) आणि नलू म्हणते, पोरगा मदतीलाच आलेला ना! घरात बायकोही त्याच्याच बाजूची.

तो पुन्हा माझ्या बोटीवर दिसला तर मी त्याचा मामा नाही. कळवा त्याला.

आपला,
कमलाकांत

ता. क. हे पत्र सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघालेल्या तानीकडे देणारच होतो, एवढ्यात संध्याकाळचं तिरपं ऊन केबिनमध्ये आलं आणि फळीवर चर दिसले. बाबांचा हात जड. पेन्सिल गेली, दाब राहिला. मी वरून पेन्सिल घासून पाहिली तर टोकानं नवेच ओरखडे पडायला लागले, लगेच थांबलो. चरांत भरायला ग्राफाइटची मऊ पूड लागेल, ती दर्पणच्या कंपनीत पोत्यांनी असते. साहेबांकडून थोडी मागून आणायला सांगा आणि रविवारी त्याला पाठवा. हात हलका आहे त्याचा, चार खोडरबर झिजवले पण फळीवर ओरखडा नाही. मी बोलावलं म्हणू नका.

ता. क. दुसरा. एक बाविसावी जागाही दिसली. नऊ वर्षांचा असताना खोडरबर कसं चालतं बघायला ती मीच पुसली होती आणि ताईचं नाव सांगितलं होतं. थप्पड तिनं खाल्ली. आज त्या जागेच्या शेजारी बाबांचं बारीक अक्षर दिसलं, त्यांनीच लिहून मग त्यांनीच पुसलेलं: 'कमूनं पुसली.' म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि मरेपर्यंत मला एका शब्दानं विचारलं नाही. रविवारी ताईलाही पाठवा, तिला मी स्वतः सांगतो. हे पत्र पेन्सिलीनंच लिहिलंय. 'गाढव' तेवढं पुसून मग दर्पणला वाचायला द्या.