सतरा नंबरचं काळीज

१० एप्रिल २०१६

दूध संस्थेच्या हॉलात आज काळजाच्या तपासणीचं शिबिर झालं. चेअरमन आप्पारावांची हौस! गावाला टँकर चौथ्या दिवशी येतो, दूध निम्म्यावर आलंय, आन् ह्यांना सुचलं टू-डी इको. मी तोंड मिटून चिठ्ठ्या लिहिल्या. सचिवानं चेअरमनला अक्कल शिकवायची नसते.

शिबिर फक्त सभासदांचं. चिठ्ठीवर नाव न्हाई, दूध घालायचा नंबर. एका नंबरला एक कागद. सकाळी बाया, दुपारून गडी. रुक्मिणी सभासद न्हाई, पण मी तिला सकाळच्या रांगेत घुसवली. बायको रोज घरचं दूध माझ्याच सतरा नंबरवर घालती, मग तपासणी कावून नको? दुपारी मी तपासणीच्या टेबलावर झोपलो. डॉक्टरनं छातीला गार चिकट कायतरी लावलं. गुदगुल्या झाल्या, पण सचिव म्हणून हसलो न्हाई.

संध्याकाळी कागद वाटले. सतरा नंबर – ईएफ ३५ टक्के. मी खूश. मॅट्रिकलाबी पस्तीसवरच सुटलोतो! डॉक्टर म्हणाला, "काका, हसू नका. पंचावनच्या वर पायजे. काळजाचा पंप लई कमजोर झालाय. जड उचलायचं न्हाई, मीठ कमी करा, अन् अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरला दाखवा."

घरी येताना रुक्मिणी म्हणाली, "आन् माझा कागद?"

"एका नंबरला एकच कागद. तुला काय धाड भरलीय?"

११ एप्रिल

बिनमिठाचं वरण. नवऱ्यानं असं काय पाप केलतं?

१३ एप्रिल

टँकर आला. मी लिंबाखाली बाजेवर बसून रुक्मिणीला कुठून वाट हाय ते सांगत होतो. तेवढंच आपल्या हातात. एरवी निम्म्या घागरी माझ्या असतात, आज सगळ्या चौदा तिनंच आणल्या. दोन घागरी झाल्या की उंबऱ्यावर टेकायची. म्हणती, दम लागतो, पायबी सुजल्यात. ऊनच तसं हाय. म्हणलं, बस घटकाभर, पण टँकर जायच्या आत उठ.

मला मात्र दम लागत न्हाई. बसूनच असल्यावर कसा लागंल.

१५ एप्रिल

आमचा संचालक आसाराम सकाळीच संस्थेत भांडायला आला. त्याच्या नंबरवर काल सकाळी फॅट लागली साडेतीन, संध्याकाळी सात. म्हणे मशीन बिघडलंय, सकाळचे पैसे सातनं द्या. चार माणसं जमली. मी संध्याकाळचं सँपल काढलं, जुन्या काचेच्या नळीत ॲसिड घालून पुन्हा लावलं. मशीनवर सात, नळीत सहा पॉइंट आठ. सगळ्यांना दाखवलं.

म्हणलं, "आसाराम, पद्धत बदलली की फरक पडतो, पण तो एवढाच. साडेतीनाचं सात मशीन करत न्हाई. सकाळी तू गाय घातली, संध्याकाळी म्हैस. नंबर एक, जनावरं दोन."

आसारामनं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "म्हशीनं सकाळी पान्हा सोडला न्हाई." वीस वर्षं फॅट लावतोय मी. मला शिकवतो का बे!

तेवढ्या वेळात पस्तीसचा इसर पडला होता. माणसं पांगल्यावर पुन्हा छातीवर हात गेला.

१८ एप्रिल

अंबाजोगाई. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर आन् लिफ्ट बंद. कमजोर काळजाच्या माणसांना तीन जिने! पिशवी, पाण्याचा डबा, भाकरीचं फडकं – सगळं रुक्मिणीकडं. मी काळजाला जपून प्रत्येक वळणावर बसत होतो. तीबी माझ्याशेजारी बसायची. मला एकटं वाटू नये म्हणून. जन्मभर तोंडाळ म्हणत आलो तिला, पण माया हाय.

डॉक्टरनं पुन्हा इको केला. ईएफ ६०!

आता घ्या. आठ दिवसांत पस्तीसचे साठ. बिनमिठाच्या वरणानं एवढा गुण येत असंल तर दवाखाने कशाला पायजेत. डॉक्टर दोन्ही कागद उलटेपालटे करून बघू लागला. "ह्याच्यावर नाव का न्हाई?"

"संस्थेत नंबरच चालतो, डॉक्टर."

मी विचारलं, तुमच्या मशीनचं कॅलिब्रेशन कधी केलतं? सँपल सकाळचं घ्यायचं का संध्याकाळचं? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रुक्मिणीकडं बघितलं. म्हणाला, पस्तीस खरं असंल तर पुढं छातीत मशीन बसवायची पाळी येईल. साठ खरं असंल तर गोळीबी नको. लातूरला काळजाचा एमआरआय करा, म्हणजे वाद मिटंल.

छातीत मशीन. बसमध्ये मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. ती वाऱ्याला म्हणून खिडकीशी बसली.

२० एप्रिल

आज मासिक मीटिंग. शेवटी आप्पारावांनी माझं काळीज विषयपत्रिकेवर घेतलं. अर्धी बॉडी शिबिराच्या मशीनच्या बाजूनं – कारण शिबिर चेअरमनचं. अर्धी अंबाजोगाईच्या. आसाराम म्हणाला, सचिवाला काळीज हाय हेच दोन मशिनींनी सांगितलं, लई झालं.

मग आप्पाराव म्हणाले, "वाद झाला की आपण काय करतो? सरासरी." आन् खरंच ठराव झाला – सचिव आश्रुबा यांचे काळीज पुढील तपासणीपर्यंत साडेसत्तेचाळीस टक्के धरण्यात यावे. सूचक आसाराम. अनुमोदक आठ जण. प्रोसिडिंगमध्ये मलाच लिहावं लागलं.

२१ एप्रिल

हसून झालं. खरं लिहितो. भ्या वाटतंय. मरायचं न्हाई एवढं. पण मी गेलो तर रुक्मिणीचं कसं? पोरगी तिकडं तेलगावला दिलेली, इथं हे दोन म्हशींचं घर. संस्थेत सतरा नंबर माझा, बँकेत खातं माझं. तीस वर्षं तिनं दूध घातलं, कुठल्या कागदावर तिचं नाव न्हाई.

वारसाचा फॉर्म भरला. तिला म्हणलं, माझ्यामागं सतरा नंबर तुझा. ती शेण भरत होती. म्हणाली, "मला काय करायचाय नंबर? तुमी नीट ऱ्हावा म्हंजे झालं." आन् पाटी तिथंच ठेवून भिंतीला टेकली. डोळे मिटले होते. मला वाटलं रडती. मलाबी भरून आलं.

२७ एप्रिल

लातूर. तिथं प्यायचं पाणी रेल्वेनं येतंय आन् आपण काळजाचा फोटो काढायला चाललो! रुक्मिणीला म्हणलं घरी थांब, तुझा चेहरा उतरलाय. म्हणाली, तुमाला एकट्याला कसं सोडू?

एमआरआय म्हणजे माणसाला बोगद्यात घालतात आन् बाहेरून पत्रा बडवतात. आत बाई सांगती, श्वास रोखा. मी एवढा रोखला की सोडा म्हणलेलं ऐकूच आलं न्हाई. बाहेर आलो तर रुक्मिणी बाकड्यावर आडवी. जेवली न्हाई म्हणून घेरी आली असंल.

ईएफ ५८.

तिथला डॉक्टर समजूतदार. कॉम्प्युटरवर तिन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. म्हणाला, इकोत आवाजाच्या लाटांनी बघतो, काळजाची कड कुठं धरायची ते करणाऱ्यावर असतं. एमआरआयमध्ये काकडीसारख्या चकत्या पाडून एकेक मोजतो. म्हणून साठ आन् अठ्ठावन. "दोन पद्धतींत पाच-सात इकडं-तिकडं होणारच. पण पस्तीस त्यातलं न्हाई, काका. पहिला कागद इसरून जा. तुमचं काळीज एकदम चांगलं हाय."

मी म्हणलं, हेच तर मी आसारामला नळी धरून दाखवलंतं!

दवाखान्याबाहेर पहिलं काम – भजी. मीठ घालून. रुक्मिणीनं देवाला हात जोडले. तिनं एकच भजं खाल्लं.

२८ एप्रिल

आज माझ्यासारखा सुखी माणूस बीड जिल्ह्यात न्हाई. आता लागत न्हाई म्हणून वारसाचा फॉर्म घरच्या पेटीत टाकला. संस्थेत पेढे वाटले. आप्पारावांचं तोंड पडलं – त्यांचं मशीन खोटं निघालं. ठराव रद्द करायला पुढच्या मीटिंगपर्यंत थांबावं लागंल म्हणे. तोवर मी साडेसत्तेचाळीसच.

पण असं सोडायचं न्हाई. सतरा दिवस अळणी खाल्लंय. शिबिरवाल्यांना तक्रार लिहिली – आपल्या सदोष यंत्रामुळे आमच्या संस्थेच्या सचिवास मनस्ताप झाला, तरी यंत्र ताबडतोब तपासावे. अर्ज झकास झाला. सोबत शिबिराच्या रजिस्टरची नक्कल जोडायचीय. ती दुपारी काढतो.

२८ एप्रिल, दुपार

रजिस्टर काढलं. नंबर माझ्या अक्षरात, शेरे शिबिरवाल्यांच्या. १७ दोनदा लिहिलंय. सकाळी १७, शेऱ्यात – कागद तयार. दुपारी १७, शेऱ्यात – ह्या नंबरचा कागद आधीच झालाय, दुसरा काढला न्हाई.

माझा कागद निघालाच न्हाई. पस्तीस तिचे हायत.

संस्था उघडी टाकून पळत आलो. टँकर आला होता. एक घागर तिच्या डोक्यावर, एक कमरेला. मी दोन्ही ओढून घेतल्या तर ती माझ्यावरच ओरडली, "अवो, तुमाला जड उचलायचं न्हाई!"