माझ्यामागे घर, वजनकाटा आणि शेवटचा निर्णय

मी, माणिक दिनकर जगदाळे, वय चौऱ्याहत्तर, मूळची साताऱ्याची, राहणार सरोजिनी नगर, लखनौ, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने माझ्या सब्जीवाल्या भैयाला विचारावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर. यजमान हवाई दलातून निवृत्त झाल्यावर बांधलेलं हे घर आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा एकुलता एक मुलगा अमोघ याला द्यावं. तो कॅनडात असतो. विकायचं असेल तर खुशाल विकावं. आईबाबांची आठवण म्हणून कुलूप घालून ठेवू नये. बंद घराला इथे वाळवी फार लवकर लागते.

२. बँकेतल्या ठेवी नात रुचा हिला. शिक्षणासाठी म्हणा, भटकण्यासाठी म्हणा. ती मराठीत फक्त ‘आजी’ एवढंच म्हणते, पण ते फार छान म्हणते.

३. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि टॅबलेट. हे सामान अमोघने बाबांसाठी घेतलं होतं. यांचं हृदय थकलं होतं. रोज सकाळी काट्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप रुग्णालयात जायचा आणि तिथून परिचारिका अंतरा सक्सेना टॅबलेटवर बोलायची. वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठलं, मग मीठ बंद. लोणच्याशिवाय जेवायचं हे यांना मान्य नव्हतं. म्हणून एके दिवशी हे खिडकीच्या गजाला धरून काट्यावर उभे राहिले. आकडा झकास आला.

अंतरा म्हणाली, “वज़न तो बढ़िया है अंकल. अब बताइए, कल क्या-क्या खाया?”

खाण्याविषयी बोलायचं म्हणजे यांचा हातखंडा. पण त्या दिवशी “पोहे” म्हणाले आणि थांबले. श्वास घेतला. “लोणचं,” म्हणाले आणि पुन्हा थांबले.

“आंटी, अंकल का मोज़ा उतारिए. टखना दबाकर मुझे दिखाइए.”

मी घोट्यावर अंगठा दाबला. काढला, तरी खड्डा तसाच राहिला.

“अंकल,” ती जराही न रागावता म्हणाली, “अब बिना कुछ पकड़े तौलिए.”

त्याच दिवशी ॲम्ब्युलन्स आली. हे वाचले, आणि पुढची दोन वर्षं काट्यावर हात मागे बांधून, परेडला उभं राहावं तसे उभे राहिले. हे सगळं सामान मी गेल्यावर वसाहतीत एकट्या राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला द्यावं. ते कसं वापरायचं हे शेजारीण प्रतिमा श्रीवास्तव हिने शिकवावं. तिला सगळं येतं.

४. सासूबाईंची नथ नणंद लीलावती हिला. यांच्या तेराव्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “यंत्राच्या भरवशावर माझा भाऊ घालवला.” नथ तिच्या आईची आहे, म्हणून तिला. बोललेलं मी विसरलेले नाही.

५. अंतराला माझी हिरवी पैठणी. रुग्णालयाचा नियम आड आला तर तिच्या लग्नात आहेर म्हणून द्यावी. का, ते सांगते.

यांचा शेवटचा आजार जानेवारीतल्या धुक्यात आला. डॉक्टर पडद्यावर स्पष्ट बोलले: रुग्णालयात यंत्रांवर आणखी काही दिवस मिळतील, इतकंच. हे म्हणाले, “मला घरीच राहू दे, माणिक.” अंतरा दिवसभर सांगत होती, उशी कुठे द्यायची, ओठ कसे ओले करायचे. अमोघ निघाला होता, पण धुक्यामुळे दिल्लीत अडकला. रागावला की तो हिंदीत बोलतो, लहानपणापासून. “आई, ॲम्ब्युलन्स बुलाओ! मैं कह रहा हूँ ना!” मी नाही बोलावली. टॅबलेट त्याच्या बाबांसमोर धरला.

“जेवलास का रे?” यांनी विचारलं.

“हो बाबा,” तो म्हणाला. जेवला नव्हता.

संध्याकाळच्या आत हे गेले. दुसऱ्या दिवशी अमोघ पोचला आणि दारातच म्हणाला, “तू त्यांना नेलं नाहीस.” पुढे वर्षभर तो फोनवर फक्त माझ्या औषधांविषयी बोलला.

गेल्या दिवाळीत तो आला. तोवर तोच काटा माझ्या नशिबी आला होता. सकाळी अंतराचा फोन सुरू असताना तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला आणि एकदम तिला म्हणाला, “उस दिन बाबा को तकलीफ़ हुई थी?”

“थकान थी, भैया. डर नहीं था. आंटी का हाथ उनके माथे पर था. मैं देख रही थी.”

अमोघ गच्चीवर निघून गेला. बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा डोळे लाल होते. “आई,” तो म्हणाला, “चहा टाकू?”

६. माझा शेवटचा आजार. मी बोलण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्या उपचारांचा निर्णय अमोघने घ्यावा. नणंदेने नाही, प्रतिमानेही नाही. मला घर हवं आहे, हे मी त्याला आणि डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. पण अमोघ, ऐन वेळी तुला धीर झाला नाही आणि तू मला रुग्णालयात नेलंस, तर त्यात काही चुकलं असं समजू नकोस. तो निर्णय मीही घेतलेला आहे, त्याचं ओझं मला ठाऊक आहे. तू जे ठरवशील त्याला माझा आत्ताच होकार आहे. नंतर कोणी विचारलं, अगदी तूच स्वतःला विचारलंस, तर हा कागद दाखव. आईला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रतिमा श्रीवास्तव यांनी करावी.

वरील मजकूर मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

सही: माणिक दिनकर जगदाळे

साक्षीदार:
अभिराम केळुसकर, निवृत्त शास्त्रज्ञ, इंदिरा नगर, लखनौ
अनघा केळुसकर, शिक्षिका, इंदिरा नगर, लखनौ

स्थळ: लखनौ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५