वस्तऱ्याचं लोणचं

मानपाडा, डोंबिवली पूर्व
मंगळवार

ती. शकूवन्सं यांना मालनचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरलीय म्हणून अर्धीच वाकलेय, उरलेली मोठ्या मनाने वाकले असं समजा.)

तिकडे पोलादपुरात तुमचे गुडघे काय म्हणतात? भाऊंनी म्हणे दाढी राखली. जन्मभर गावाच्या दाढ्या केल्या, आता स्वतःची वाढवतात, छान आहे, कुणाला तरी सुट्टी मिळाली. इकडे आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे तुमचे बंधू दिवसभर घरात असतात आणि मी अजून घर सोडून गेलेली नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. तर आमच्याकडे एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं, आणि दुसऱ्या खोलीत तुमचे बंधू बसलेले असतात. व्हॉट्सॅपवर लिहावं तर ते तुमची सून तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणजे संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळणार. म्हणून चौथीपर्यंतची सगळी शाळा पणाला लावून लिहितेय. अक्षराला हसू नका. खालच्या मजल्यावरचा दगडू, तुमच्याच गावचा, गुरुवारी ठाण्याला खोपटच्या डेपोतून एसटीने निघतोय, त्याच्या हाती देईन.

तर झालं असं. खोपटचं दुकान गेल्या वर्षी बिल्डिंगसकट पडलं. तीस वर्षं डेपोसमोर उभं राहून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हनुवट्या ताशल्या, आणि पाडायला माणसं आली तेव्हा तुमचे बंधू नुसते बघत उभे राहिले. खुर्ची पोराला, म्हणजे मयूरला, दिली आणि सहा वस्तरे पिशवीत घालून घरी आले. मयूरच्या सलूनात वस्तऱ्यांना काम नाही. तिकडे एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड, झालं की फेकलं. (कारागिरांचंही तसंच. मागच्या महिन्यात तीन बदलले.) म्हणजे वस्तरे रिटायर, वस्तरेवाला रिटायर, आणि दोघांच्या सेवेला मी मात्र कायम नोकरीत.

रोज सकाळी देवाच्या आधी वस्तरे. माझ्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्याने (न विचारता फाडलेली) एकेक पातं पुसायचं, बोट लावायचं नाही, बोटाच्या घामाने गंज धरतो म्हणे. इथल्या कारखान्यांच्या हवेत गॅलरीची ग्रिलसुद्धा वर्षभर टिकत नाही, वस्तऱ्याचं काय घेऊन बसलात, पण ऐकतो कोण. मग पात्याला तेलाचा एकच थेंब. मुठीला तेल नाही, पाणी नाही, ऊन नाही. पाचांच्या मुठी प्लॅस्टिकच्या, त्यांना काही होत नाही, पण सहावा मामंजींचा, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. तो असा उचलतात की मयूरला जन्मल्यावर तसं उचललं नव्हतं. हे सगळं नऊला आटपतं. मग उरलेला दिवस स्वयंपाकघरात येऊन मी भेंडी कशी चिरते ते बघतात. माझ्या विळीचा कोन चुकतो. तीस वर्षं त्या कोनाने चिरलेलं खाल्लं, तेव्हा चुकला नव्हता.

गेल्या खंडेनवमीला मी भक्तिभावाने सहाही वस्तऱ्यांवर ओलं हळदकुंकू लावलं, वर झेंडूची फुलं ठेवली, आणि दसऱ्याला सकाळी बघते तर प्रत्येक पात्यावर तपकिरी ठिपके. देवाला वाहिलेलं असं उलटतं हे मला काय माहीत? ते दोन दिवस नुसते घासत बसले.

असं असताना यंदा श्रावणात यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि चार दिवसांसाठी वस्तरे माझ्या ताब्यात आले. दवाखान्यात ऑपरेशनला आत नेताना स्ट्रेचरवरून मला काय सांगितलं? सांभाळून राहा? जेवून घे? नाही. म्हणाले, "पाऊस आहे, गंज चढू देऊ नको."

आता वन्सं, तुम्हीच सांगा, रोज घर, दवाखाना, डबा, आणि त्यात सहा वस्तरे कोण पुसत बसणार? आमची सून क्षिप्रा म्हणाली, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, भिजलेला मोबाईल तसाच सुकवतात. (तिला तांदूळ शिजवता आला असता तर मी ऐकलं असतं.) मी माझं डोकं चालवलं. लोणचं वर्षभर का टिकतं? तेलात बुडलेलं असतं म्हणून. हवा लागत नाही, बुरशी येत नाही. मग आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी घासली, गॅसशेजारी खडखडीत वाळवली, सहाही वस्तरे उभे केले आणि वरपर्यंत खोबरेल ओतलं. झाकण लावलं, फडकं बांधलं. चार दिवसांची काळजी पाच मिनिटांत संपली.

तिसऱ्या दिवशी डबा भरताना आठवलं, मुठीला तेल नाही. बरणी उघडली. प्लॅस्टिकवाले पुसून टाकले, पण शिंगाच्या मुठीच्या दोन फाकांमध्ये आतपर्यंत तेल, पुसू तेवढं पाझरतंय. तेल कशाने जातं? गरम पाण्याने. पातेल्यात सोडा घालून पाणी उकळत ठेवलं. पातं भिजू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून वस्तरा उघडून मूठ खाली, पातं वर, असा चिमट्याने टेकवून ठेवला आणि शेजारच्या शेगडीवर भात लावला. भात झाला तेव्हा मूठही झाली होती. भिजवलेल्या पापडासारखी मऊ, एक फाक कल्याणकडे तोंड करून आणि दुसरी ठाण्याकडे. सरळ करायला वरवंट्याखाली दाबली. गार झाल्यावर बघते तर थोडी वाकडीच, म्हणून जरा हाताने रेटली. टक्.

पात्यावर मात्र गंजाचा ठिपकाही नाही. काम गंजाचं सांगितलं होतं, ते मी केलं. मुठीबद्दल स्ट्रेचरवर कुणी बोललं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांना सांगितलं, सगळे वस्तरे सुक्या डब्यात घालून देव्हाऱ्यामागे ठेवलेत, आता खंडेनवमीलाच उघडायचे, रोज हवा लागली की गंजतात, क्षिप्राच्या व्हिडिओत दाखवलंय. व्हिडिओत दाखवलंय म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प बसतात. तेव्हापासून ते रिकाम्या हातांनी बसतात आणि दिवस मोजतात. बारा उरलेत.

बाकी ठीक. भाऊंना नमस्कार, सुनेला आशीर्वाद (पत्र दाखवू नका).

तुमची भावजय,
मालन

ता.क. मामंजींकडे शिंगाच्या मुठीचे दोन वस्तरे होते, अगदी जोडीचे. दुसरा त्यांनी तुमच्या लग्नात भाऊंना दिलेला. आता भाऊंनी दाढीच राखलीय तर तो पडूनच असेल ना? तो कुळथाच्या पिठाच्या पिशवीत घालून दगडूच्या हाती परत पाठवा. दगडू रविवारी येतोय. भाऊंना विचारू नका, विचारलं तर ते इकडे फोन करतील.

ता.क. २. मी घाबरते असं समजू नका. तुमचे बंधू ओरडणारे असते तर त्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते, दोन मी ऐकवल्या असत्या, दोन त्यांनी. ते ओरडत नाहीत. दुकान पडताना बघत होते तसे बघतील. ते मला पुन्हा बघायचं नाही, एवढंच.

ता.क. ३. बुधवार दुपार. वरचं सगळं रद्द. (पत्र फाडणार नाही, लिहून लिहून हात मोडून आलाय.) सकाळी मी दळण आणायला गेले तेवढ्यात यांनी डबा काढला. आले तर मूठ हातात.

"शिंग उकळलंस?"

"हो."

"किती वेळ?"

"भात होईपर्यंत."

वन्सं, ते हसले. मांडी घालून, पोटाचे टाके धरून हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मग शेजाऱ्यांकडून मोडक्या शिसवी पलंगाचा पाय मागून आणला, तासभर उलटसुलट बघितला, आणि बूट घालून बारीक कानस आणायला कल्याणला गेले. जाताना म्हणाले, नवी मूठ व्हायला दिवाळी उजाडेल. सकाळपासून माझ्या भेंडीकडे कुणी बघितलेलं नाही.

तेव्हा तुमचा वस्तरा आत्ता अजिबात पाठवू नका. दिवाळीनंतर पाठवा. आणि पाठवायच्या आधी त्याची मूठ मोडा. कशी ते वर सविस्तर लिहिलंय.