मखमलीच्या खोळीतले जावई

सक्करदरा, नागपूर
मे १९७३

तुम्ही काही म्हणा मामा, पण त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. यमुताईले पाहायले आलेल्या पाहुण्यांनी वांग्याच्या भाजीची तारीफ केली, अन् मी म्हटलं, ही भाजी शेजारच्या अंजनाबाईनं केली, आमच्या ताईची खाल्ली असती तर पाणी मागत बसले असते. यात खोटं काय होतं? पाहुणे पान न खाता उठले, हा त्यांचा स्वभाव. त्यासाठी बसस्टँडवर चार लोकांत "तोंड सुधारल्याशिवाय गावात पाय ठेवू नको" असं म्हणायची गरज नव्हती.

हे आधीच लिहिल्या गेलं. आता रीतीनं घेतो. तीर्थरूप मामा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. मामीचे गुडघे कसे आहेत? काळी गाय व्याली का? यमुताई माझ्याशी बोलत नाही हे माहीत आहे, तरी तिलेही नमस्कार. मी मजेत आहे. डाव्या अंगठ्यावर मांडवाची लाकडी बल्ली पडली होती, नख गेलं, अंगठा आहे. (हे पत्र पोस्टमन दादाजीच वाचून दाखवतील. दादाजी, मधला एक भाग हळू वाचा, अन् ओसरीवर कोणी बसलं असंल तर त्याले आधी उठवा.)

तुम्ही मले नत्थूजींच्या बिछायत केंद्रात बिनपगारी शिकाऊ म्हणून ठेवलं, तेव्हा वाटलं सतरंज्या उचलायच्या अन् चूप राहायचं. पण इथं धंदा सतरंजीचा कमी, तोंडाचा जास्त. लग्नाचा मांडव, गाद्या, भोंगा, पाणी वाढणारे, सारं आपलं. अन् कोणी रुसलं तर त्याले उठवणंही आपलंच. नत्थूजींचा नियम असा की रुसलेल्या माणसाले पहिले पाणी द्यायचं, मग त्याच्यापेक्षा खाली बसायचं, अन् तो जे बोलंल तेच त्याले परत म्हणून दाखवायचं. मधात आपली अक्कल पाजळायची नाही. सहा महिने मले हे जमेना. एका नवरीच्या बापाले मी म्हटलं, मांडव कलला नाही, तुमचं घर कललं आहे. नत्थूजी मले तिथूनच हाकलणार होते, पण त्यांनी दोरी लावून पाहिली तर घर खरंच कललं होतं.

मग मागच्या आठवड्यात कळमेश्वरचं लग्न आलं. भोंग्यावरून पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करायचं काम माझ्याकडे. मी चिठ्ठीची घडी केली अन् एक नाव घडीत राहिलं. ते होते मौद्याचे मनोहरराव, नवरदेवाच्या घरचे थोरले जावई. झालं. जानोशातून (वरात शाळेत उतरवली होती) जावई हलेना, म्हणून नवरदेव हलेना, मुहूर्त मात्र हलून राहिला होता. नत्थूजी म्हणाले, "नाव तुझ्या तोंडानं गेलं, आता तोंडानंच आण. नाही तर उद्याची गाडी पकड."

मी तांब्या घेऊन गेलो अन् खाली बसलो. ते म्हणाले, माझा मान ठेवला नाही. मी म्हटलं, तुमचा मान ठेवला नाही. ते म्हणाले, मले कोणी विचारत नाही. मी म्हटलं, तुम्हाले कोणी विचारत नाही. तांब्या रिकामा होईपर्यंत असंच चाललं. तीनदा जिभेवर काहीतरी आलं, तीनदा गिळलं. शेवटी त्यांनी बाकीच्या माणसांले खोलीबाहेर काढलं अन् म्हणाले, "काहून पोपटासारखा बोलून राहिला गा? मी रुसलो नाही. मले उठताच येत नाही."

(दादाजी, इथून हळू.) त्यांची टेरिलिनची नवी पँट ट्रकमधून उतरताना मागून पार फाटली होती. दुसरी आणली नव्हती. नाव राहिलं ते त्यांच्या पथ्यावरच पडलं, रुसायले कारण भेटलं.

पहिलेचा मी असतो तर दारात उभा राहून ओरडलो असतो की घाबरू नका, फक्त पँट फाटली आहे. पण मी मांडवात धावलो, नवरदेवाच्या खुर्चीची लाल मखमली खोळ उसवली, ती त्यांच्या खांद्यावरून घोट्यापर्यंत पांघरली, अन् भोंग्यावर सांगितलं की थोरल्या जावयाले मखमलीत आणायची आमच्या नागपूरची पद्धत आहे. लोक उठून उभे राहिले. मनोहरराव जरा आखडून चालले, पण राजे आखडतातच. मग बाकीचे तीन जावई रुसले. खोळी दोनच उरल्या होत्या, तिसऱ्याले गादीचा अभ्रा दिला.

 येताना नत्थूजींनी मले मागं गाद्यांवर नाही, पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. मामा, तुम्ही मले त्या दिवशी बसमध्ये कोंबलं नसतं तर ही जागा मले कधी भेटली नसती. भांडण आपलं आहे तसंच राहू द्या, पण उपकार मी विसरणार नाही.

तुमचा भाचा,
बळीराम

ता. क. खोळ परत द्यायले मनोहरराव स्वतः सक्करदऱ्याले आले. त्यांचा धाकटा भाऊ लग्नाचा आहे. मी यमुताईचं सांगितलं. भाजीचंही सांगितलं. (सुधारलो, पण तितका नाही.) त्यांनी खोळीची घडी माझ्या हातात ठेवली अन् म्हणाले, "तू माझी लाज झाकली गा. आम्ही पाणी पिऊन जेवू." येत्या रविवारी दोघं भाऊ यमुताईले पाहायले तुमच्याकडे येऊन राहिले.

आणखी एक. त्या दिवशी मले गावात पाय ठेवू द्या. मी पाणी देईन, खाली बसीन, ते म्हणतील तेच म्हणीन. भाजी मात्र यमुताईनंच करावी. अंजनाबाईनं केली तर मले सांगावं लागंल. अन् दादाजी, पँटची गोष्ट तुमच्या थैलीतून बाहेर पडली तर ही सोयरीकही गेली समजा.

राहिलंच. नत्थूजींनी पगार सुरू केला. मामीच्या गुडघ्याले तेल, अन् यमुताई बोलली तर तिले बांगड्या, नाही बोलली तरी बांगड्या. मनिऑर्डरनं पाठवून राहिलो, रुपये पंचवीस.